न भरणारी जखम आणि संथ ठिबक: किती सोडले यापेक्षा किती निघाले?

संथधार (मूळ धागा)

चार ते सहा आठवडे नेटाने मलमपट्टी होऊनही जी जखम लहान होण्याची लक्षणे दाखवत नाही, तिला आम्ही शल्यचिकित्सक जुनाट जखम म्हणतो. मधुमेह्याच्या तळपायाची, अपस्फीत (फुगून वेड्यावाकड्या झालेल्या) शिरांमुळे घोट्यापाशी झालेली किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरची अशी जखम महिनोन्‌महिने उघडी राहते आणि रुग्णाबरोबर घरच्यांचाही धीर सुटतो. अशा जखमेत सलाइन किंवा सौम्य जंतुनाशक द्रावण नळीवाटे थेंबाथेंबाने सोडत राहण्याच्या पद्धतीबद्दल मला वारंवार विचारले जाते, म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहे.

ताज्या जखमेतून पाझरणारा स्राव पेशींच्या वाढीला मदत करतो. जुनाट जखमेतला स्राव मात्र उलटा वागतो. त्यात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे प्रमाण फार वाढलेले असते. शरीर नव्या ऊतीसाठी जी चौकट उभारते तिचे आणि वाढीला चालना देणाऱ्या रेणूंचे ही विकरे तुकडे करून टाकतात. असा स्राव प्रयोगशाळेत त्वचेखालच्या तंतुपेशींवर टाकला, तर त्यांचे विभाजन मंदावते. म्हणजे जखम स्वतःच्याच पाण्यात कुजत बसलेली असते. संथ ठिबकाचा मुख्य उपयोग येथे आहे: हा स्राव सतत पातळ होत राहावा, वाहून जावा आणि त्याच्या जागी शरीरद्रवाशी जुळणारे स्वच्छ द्रावण यावे. शिवाय जखम ओलसर राहते. ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर त्वचेचा थर उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने चढला. त्यापूर्वी जखम वाळवून खपली धरू देणे हेच शहाणपणाचे मानले जात होते.

मांडणी वरवर सोपी दिसते. जखमेच्या तळाशी बारीक छिद्रांची मऊ नळी ठेवायची, तिच्यावर जाळीदार गॉज किंवा स्पंज पसरायचा, सर्वांत खालच्या बाजूने बाहेर जाणारी दुसरी, जरा जाड नळी काढायची आणि वरून पारदर्शक चिकटपट्टीने सगळे बंद करायचे. ठिबक संचाच्या चाकाने थेंब ठरवायचे. साध्या संचात सामान्यतः २० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळे मिनिटाला १० थेंब सोडल्यास तासाला ३० मिली आणि दिवसाला ७२० मिली द्रावण जखमेतून जाते. तळहाताएवढ्या जखमेला एवढेही पुष्कळ झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या उपचारात लोक बाटलीत काय आहे याची चर्चा तासन्‌तास करतात आणि निचऱ्याची नळी कोठे पडली आहे हे कोणी पाहत नाही. जखम बरी करण्यात आत जाणाऱ्या थेंबांपेक्षा बाहेर पडणाऱ्या थेंबांचा वाटा मोठा आहे. द्रावण आत साचले, तर आपण तेच डबके नव्याने तयार करतो, फरक एवढाच की या वेळी पाणी आपण विकत आणलेले असते.

शंकासुर

संथधार, लेख वाचनीय आहे, परंतु मला दोन शंका आहेत. पहिली अशी की, जंतू जखमेच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहतात असे आपणच पूर्वी एका चर्चेत लिहिले होते. मग मिनिटाला दहा थेंबांच्या धारेने ते निघणार तरी कसे? दगडावरचे शेवाळ पावसाच्या रिमझिमीने निघत नाही. दुसरी शंका, ही पद्धत एवढी गुणकारी असेल, तर ती आजवर सर्वत्र रुळली कशी नाही?

संथधार

शेवाळाची उपमा अचूक आहे, आणि उत्तर असे की ते निघत नाही. जीवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून वसाहत करतात, त्यास बायोफिल्म म्हणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जुनाट जखमांपैकी ३० जखमांत अशी वसाहत सूक्ष्मदर्शकाखाली आढळली, तर १६ ताज्या जखमांपैकी केवळ एकीत. हा थर ठिबकाने धुऊन काढता येईल असे मानणे ही या उपचारातील सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. तो थर, त्याखालची पिवळी-करडी मेलेली ऊती आणि जखमेची गुंडाळलेली कड हे सर्व आधी धारदार चमच्याने किंवा सुरीने, ताजे रक्त दिसेपर्यंत खरवडून काढावे लागते. खरवडल्यानंतरही एक-दोन दिवसांत जीवाणू पुन्हा जम बसवू लागतात. ठिबकाची खरी वेळ ती असते. शेवाळ खरडून काढलेल्या दगडावर ते पुन्हा धरू नये म्हणून वाहते पाणी सोडावे, तसा हा प्रकार आहे. खरवडण्याचे टाळून थेट नळी बसवलेल्या जखमा माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांतील द्रावण नितळ आणि जखम जशीच्या तशी असते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर लांब आहे. त्याचा इतिहास येथील रसायनशास्त्राचे जाणकार माझ्यापेक्षा चांगला सांगतील.

काचनळी

संथधार यांनी माझ्याकडे बोट दाखवले आहे, तेव्हा लिहितो. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या जखमांत माती आणि कपड्यांच्या चिंध्या शिरत आणि जखमा सडत असत. १९१५ मध्ये फ्रान्समधील काँपिएन्य येथील लष्करी रुग्णालयात शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी यावर एकत्र काम केले. कॅरेल यांना रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी १९१२ चे नोबेल पारितोषिक आधीच मिळालेले होते. डेकिन यांनी पुष्कळ जंतुनाशके तपासून सोडियम हायपोक्लोराइट निवडले, त्याची तीव्रता सुमारे ०.५ टक्क्यावर ठेवली आणि त्यातला दाहक अल्कलीपणा आटोक्यात आणला.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने रंजक भाग पुढे आहे. हायपोक्लोराइट पू आणि मृत ऊतींच्या संपर्कात येताच त्यांच्याशी अभिक्रिया करून संपून जाते. ते मृत ऊती विरघळवते खरे, पण विरघळवता विरघळवता स्वतः निष्प्रभ होते. त्यामुळे सकाळी एकदा जखम धुऊन पट्टी बांधली, तर तासाभरानंतर त्या पट्टीत जंतुनाशक म्हणावे असे काही उरत नाही. कॅरेल यांनी यासाठीच छिद्रे पाडलेल्या रबरी नळ्या जखमेच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसवल्या आणि दर दोन तासांनी थोडे थोडे ताजे द्रावण सोडण्याची पद्धत घातली. भोवतालची चांगली कातडी भाजू नये म्हणून व्हॅसलिन लावलेले गॉज ठेवले जाई. जखमेतल्या स्रावाचा ठिपका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजले जात, त्यांचा आलेख काढला जाई आणि जंतू जवळजवळ दिसेनासे झाल्यावरच जखम बंद केली जाई. जखम डोळ्यांनी बरी दिसते म्हणून शिवायची नाही, ही शिस्त मला द्रावणाच्या सूत्रापेक्षा मोलाची वाटते.

ही पद्धत मागे पडण्याचे एक कारण तिच्या वर्णनातच आहे. दर दोन तासांनी, रात्रंदिवस, प्रत्येक जखमेपाशी शिकलेले माणूस हवे. पुढे प्रतिजैविके आली आणि एवढा खटाटोप कोणाला नको झाला.

संथधार

काचनळी, आभारी आहे. पुढचा दुवा मी जोडतो. १९९७ मध्ये अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी अमेरिकेत ऋण दाबाच्या पट्टीचे काम प्रसिद्ध केले: जखमेत स्पंज ठेवायचा, वरून हवाबंद करायचे आणि पंपाने उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब ठेवायचा. त्याच सुमारास जर्मनीत फ्लाइशमान यांनी या पट्टीला द्रावण सोडण्याची जोड दिली. आजच्या यंत्रांत द्रावण स्पंजात भरते, साधारण १० ते २० मिनिटे मुरते, मग दोन ते साडेतीन तास पंप ते ओढून घेतो आणि पुन्हा तेच चक्र चालू होते. कॅरेल यांच्या परिचारिकेचे काम यंत्र करू लागले आहे, आणि निचऱ्याचा प्रश्नही तेच पंपाने सोडवते.

पुराव्याविषयी लपवाछपवी नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत एका गटाला साधे ०.९ टक्के सलाइन आणि दुसऱ्याला पॉलिहेक्झानाइडचे जंतुनाशक द्रावण यंत्राद्वारे दिले गेले, आणि परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०२० च्या दुसऱ्या एका चाचणीत द्रावणासह ऋण दाब आणि नुसता ऋण दाब यांची तुलना झाली. जंतूंची संख्या द्रावणाच्या गटात अधिक घटली, परंतु शस्त्रक्रियागृहात न्यावे लागण्याच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. पंपाविना नुसत्या ठिबकाचा पुरावा तर याहून तोकडा आहे. तो बहुतांशी निवडक रुग्णांच्या वर्णनांवर उभा आहे. मी तो वापरतो, कारण पंप मिळत नसेल तेव्हा खोल, खिशासारख्या जखमेतला स्राव काढण्याचा तो एक समजण्याजोगा मार्ग आहे. त्यापुढचा दावा मी करणार नाही.

शंकासुर

म्हणजे बाटलीतल्या औषधावरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांची साध्या मिठाच्या पाण्याने बरोबरी केली, असे म्हणायचे. मला हे उत्तर आवडले. द्रावण कोमट असावे की थंड, हे मात्र राहिले.

संथधार

शरीराच्या तापमानाला आणलेले बरे. गार द्रावणाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशींचे काम मंदावते. पण पिशवी गरम पाण्यात बुडवून अंदाजाने तापवू नये; बधिर पायाला चटका बसला तरी रुग्णाला तो कळत नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि निचऱ्याच्या मुद्द्यावर मला अनुभवाने बोलायचे आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात माझ्याकडे माकडहाडावर मोठा शय्याव्रण असलेल्या आजी होत्या. मिनिटाला १० थेंब लावलेले होते. रात्री अकराला मी घड्याळ धरून थेंब मोजले, नोंद केली आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले. तीनला कुशीवर वळवताना चादर ओली लागली. चिकटपट्टी फुग्यासारखी वर आली होती आणि बाहेर जाणारी नळी आजींच्या मांडीखाली दबून चपटी झाली होती. चार तासांत १२० मिली आत गेले होते आणि निचऱ्याच्या बाटलीत जेमतेम २० मिली जमले होते. पट्टी काढली, तेव्हा जखमेभोवतीची बोट-दीड बोट कातडी पांढरीफटक आणि सुरकुतलेली होती, फार वेळ कपडे धुतल्यावर बोटांची टोके होतात तशी. ती कड पूर्ववत व्हायला आठवडा गेला. नोंदवहीत माझा थेंबांचा आकडा मात्र बिनचूक होता.

त्या रात्रीपासून मी दोन रकाने आखते, आत आणि बाहेर, आणि दर तासाला दोन्ही भरते. पट्टीत मुरलेल्या पाण्याचाही हिशेब लागतो. कोरे पॅड आधी वजन करून ठेवावे, भिजलेले पुन्हा वजन करावे. जेवढे ग्रॅम वाढले तेवढे साधारण मिलिलिटर समजावे. दोन रकान्यांत तासाला १० मिलीहून अधिक तफावत सलग दोनदा आली, की मी चाक बंद करते आणि मग नळी शोधते. हा आकडा माझा स्वतःचा नियम आहे, तो कोणी छापलेला नाही. कडेच्या कातडीवर झिंक ऑक्साइड किंवा संरक्षक फवारा लावावा, निचऱ्याची नळी मांडीखालून न नेता पोटाच्या बाजूने न्यावी आणि रुग्ण कोणत्या कुशीवर निजणार आहे हे पाहूनच तिची जागा ठरवावी.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे जखमेच्या ठिबकाची नळी आणि शिरेतल्या सलाइनची नळी दिसायला हुबेहूब सारख्या असतात. जखमेसाठी टांगलेले जंतुनाशक शिरेत गेले, तर जीव जाऊ शकतो. मी दोन वेगळे स्टँड घेते, पलंगाच्या दोन वेगळ्या बाजूंना, आणि जखमेच्या नळीच्या दोन्ही टोकांना रंगीत पट्टी चिकटवून तीवर ठळक अक्षरांत 'जखम' असे लिहिते. हात लावण्यापूर्वी बाटलीपासून रुग्णापर्यंत नळीवरून बोट फिरवून पाहायचे, हे मी नव्या मुलींकडून पहिल्या दिवशीच करवून घेते.

संथधार

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर असायला हवा होता. दोन वेगळ्या स्टँडची सूचना मी उद्यापासून अमलात आणतो.

उंबरठा

माझ्या वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या टाचेच्या बाहेरच्या बाजूला तीन महिन्यांपासून जखम आहे आणि त्याच पायाच्या करंगळीवर काळी, कोरडी खपली धरली आहे. टाचेच्या जखमेला ठिबक लावण्याचे ठरले असून बाटली कालच टांगली आहे. एका परिचितांनी त्या बाटलीत प्रतिजैविकाची एक-दोन इंजेक्शने मिसळावीत असे सुचवले आहे. तसे केल्यास लवकर गुण येईल का? करंगळीची खपलीही ओली ठेवावी का, म्हणजे ती मऊ होऊन सुटेल?

संथधार

ताई, तुमच्या वडिलांना तपासल्याशिवाय मी उपचार सांगू शकत नाही, परंतु काही गोष्टी त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा.

प्रतिजैविक बाटलीत मिसळू नका. जखमेत सोडलेले औषध जखमेतच राहते ही समजूत खोटी आहे. मोठ्या उघड्या पृष्ठभागातून ते रक्तात शोषले जाते. एके काळी निओमायसिनने जखमा धुण्याची पद्धत होती आणि त्यातून रुग्णांना कायमचे बहिरेपण आल्याच्या व मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. वीस वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडे आधीच नाजूक असू शकतात. संसर्ग हाडापर्यंत किंवा आजूबाजूच्या ऊतीत पसरला असेल, तर प्रतिजैविक तोंडाने किंवा शिरेतून, जखमेच्या खोलातला तुकडा तपासूनच द्यावे लागते.

त्याहून महत्त्वाचे, पायाला रक्तपुरवठा किती आहे हे कोणी मोजले आहे का? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांत अडथळा आहे असे समजतात. मात्र मधुमेहात घोट्याच्या धमन्या चुनखडीसारख्या कडक होतात, दाबपट्टीने दबत नाहीत, आणि गुणोत्तर १.३ किंवा १.४ च्या वर जाऊन सगळे छान असल्याचा आभास होतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. तो ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल, तर आधी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे, तेही तातडीने, जावे लागते. रक्तच पोहोचत नसलेल्या टाचेवर कितीही थेंब सोडले तरी ऊती वाढवायला लागणारा प्राणवायू त्या बाटलीतून येणार नाही.

करंगळीची काळी खपली कोरडी असेल, तर ती कोरडीच राहू द्या. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची घट्ट, कोरडी खपली हे शरीराने घातलेले झाकण असते. ते भिजवल्यास कोरडा मृत भाग ओला होऊन संसर्ग वर चढू शकतो. भोवती लाली आली, वास येऊ लागला, पाणी सुटले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. आणि टाच गादीला टेकता कामा नये. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवा. दाब तसाच राहिला तर बाकीचे सर्व उपचार वाया जातात.

शंकासुर

एक विचारू का? समजा रक्तपुरवठा ठीक निघाला आणि ठिबक चालू ठेवले, तर ते उपयोगी पडत नाही हे किती दिवसांनी मान्य करायचे? मी पाहिलेल्या घरांत एकदा चालू झालेला उपचार कोणीच थांबवत नाही.

संथधार

प्रश्न फार योग्य आहे. ठिबक मी साधारणतः काही दिवसांपुरतेच ठेवतो. जखमेचा तळ लालसर, दाणेदार झाला की नळ्या काढून साधी ओलसर पट्टी किंवा त्वचारोपण असा पुढचा मार्ग धरतो. तीन-चार दिवसांत तळ पिवळाच दिसला, तर पुन्हा खरवडावे लागेल किंवा हाडात संसर्ग आहे का हे शोधावे लागेल. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेची कड उंच आणि कोबीसारखी दिसू लागली, तर तुकडा तपासल्याशिवाय काहीही करू नये, कारण जुन्या व्रणात कर्करोग उद्‌भवू शकतो.

एकूण उपचाराची कसोटी मात्र चार आठवड्यांची आहे. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहावी. मधुमेही पायावरील २००३ च्या एका अभ्यासात ज्या जखमांचे क्षेत्रफळ चार आठवड्यांत ५३ टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांपैकी ५८ टक्के जखमा १२ आठवड्यांत भरल्या. त्याहून कमी घटलेल्यांपैकी केवळ ९ टक्के भरल्या. मोजपट्टी जवळ असली की आशेवर उपचार लांबत नाहीत.

उंबरठा

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काल तपासणी झाली. घोट्याचे गुणोत्तर १.४२ आले आणि तेथील कनिष्ठ डॉक्टर समाधानी होते. मी आपला प्रतिसाद वाचून आग्रह धरला म्हणून अंगठ्याचा दाब मोजला, तो २६ निघाला. ठिबक थांबवले आहे. उद्या रक्तवाहिन्यांची चित्रतपासणी आहे आणि अडथळा फुग्याने उघडता येईल का, हे त्यानंतर ठरेल. करंगळी कोरडी ठेवली आहे. टाचेखालून उशी सारखी सरकते, त्याचे काय करावे?

रात्रपाळी

ताई, उशी टाचेखाली न ठेवता गुडघ्याच्या किंचित खालपासून घोट्याच्या वरपर्यंत पोटरीच्या पूर्ण लांबीखाली ठेवा, म्हणजे भार एका जागी येत नाही आणि उशी सरकतही नाही. गुडघा जरासा वाकलेला राहू द्या. उशी नीट बसली की नाही हे पाहायला टाच आणि गादी यांमधून कागदाचा ताव सरकवून पाहा. तो न अडकता पार गेला पाहिजे. रात्री दोनदा उठून हे पाहावे लागेल. डाव्या टाचेकडेही लक्ष असू द्या, सगळ्यांचे डोळे उजव्या पायावर असतात तेव्हा दुसरीकडे लाली धरते.